मांडीवरची गिटार

हे जूनमध्ये गेले. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस त्यांच्या बँडमधल्या गायिकेचा फोन आला. शाळेच्या जेवणघरात काम करून निवृत्त झालेली बाई. तिला मी आधी एकदाच भेटले होते, अंत्यविधीच्या वेळी.

"हेन," ती म्हणाली. ग्लासगोत बायका एकमेकींना अशीच हाक मारतात. "यंदाच्या अवॉर्ड्सना तू यायला हवंस. त्यांनाही एक देणार आहेत. आणि जमलं तर गिटार आण. एक गाणं तिच्यावर वाजवू."

पश्चिम स्कॉटलंडमधले कंट्री म्युझिकचे क्लब वर्षातून एकदा मिळून हा बक्षीस समारंभ करत. हे तीस वर्षं कौन्सिलच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते, आणि दर शनिवारी मांडीवर हवाईयन गिटार आडवी घेऊन अमेरिकन गाणी वाजवायचे. गिटार पुण्याची, माझ्या सासऱ्यांनी घेऊन दिलेली. मी त्या क्लबात कधी गेले नाही. शनिवारची संध्याकाळ मला वाचायला मिळायची आणि दोघांनाही ते बरं वाटायचं.

पुण्याला फोन केला तेव्हा वन्संना हे सांगितलं.

"अगं, वर्ष व्हायचंय अजून," वन्सं म्हणाल्या. "मी या दिवाळीत एक चकली तळली नाही. आणि तू गाण्याबजावण्याला निघालीस?"

"बसून यायचं फक्त."

"जा बाई. तिथे कोण बघतंय. पण गिटार कुणाला देऊन येऊ नकोस. ती इकडे यायला हवी."

मी हो म्हटलं. तेव्हा कुणी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. ती कुठे राहावी याबद्दल मला काही वाटत नव्हतं. जूनपासून कशाबद्दलच वाटत नव्हतं. मला रडू आलेलं नव्हतं. जेवत होते, कामाला लायब्ररीत जात होते. एवढंच मनात होतं की त्यांच्या गिटारचा तो आवाज पुन्हा एकदा कानावर पडला तर आत काहीतरी हलेल. त्यासाठी मी गेले.

सिगरेटबंदीचं ते पहिलंच वर्ष, त्यामुळे हॉलच्या दारात हॅट घातलेली माणसं थंडीत धूर सोडत उभी होती. त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली. मी फिकट राखाडी साडी नेसले होते. "किती सुंदर दिसतेयस," एक बाई म्हणाली. तिच्या बुटांना झालरी होत्या. मी थँक यू म्हटलं.

पुढच्या टेबलापाशी एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर एक काऊबॉय हॅट होती. आपल्याकडे रुमाल टाकून जागा धरतात तसं कुणीतरी माझ्यासाठी धरून ठेवलंय असं मला वाटलं. मी हॅट उचलून मांडीवर घेतली आणि बसले. टेबलावरचं बोलणं थांबलं. मग एकाने माझ्यासमोर ऑरेंज ज्यूसचा ग्लास सरकवला आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

पहिली बक्षिसं झाल्यावर सूत्रसंचालक म्हणाला की या वर्षी गेलेल्यांसाठी परंपरेप्रमाणे एक खुर्ची मोकळी ठेवली आहे. त्याने आमच्या टेबलाकडे हात केला, मला पाहिलं आणि घसा साफ केला. सगळे उभे राहिले. मीही राहिले, हॅट हातात धरून. शांतता संपल्यावर दुसरी खुर्ची शोधायला हवी होती. मी तिथेच बसले.

मग यांचं नाव पुकारलं. गायिकेने माझ्या वतीने बक्षिसाची छोटी काचेची गिटार घेतली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. मी घरून आणलेली खरी गिटार स्टेजवर गेली होती. यांच्या जागी आता वाजवणारा लांबट, लाजरा माणूस तिच्यावर वाकला होता. त्याने एकेक तार छेडली, पुन्हा छेडली, आणि खाली उतरून माझ्याकडे आला.

"तारा पार उतरल्यात," तो हळू म्हणाला. "ते कोणत्या सुरांत लावायचे? नेहमीची पद्धत नव्हती त्यांची."

मी गायिकेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस," ती म्हणाली. "ते घरूनच लावून आणायचे."

घरी म्हणजे आमच्या मागच्या खोलीत, दार लोटून. मी दाराच्या अलीकडे वाचत असायचे. ते टिंग टिंग थांबलं की चहा टाकायचा, इतकंच मला माहीत होतं.

"तुमच्या पद्धतीने लावा," मी म्हटलं.

त्याने लावली. चांगलं वाजवलं. दुसऱ्या कडव्याला काही जोडपी उठून नाचली. मी शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. तो आवाज त्यात नव्हता.

निघताना गायिका म्हणाली, "क्लबात ठेवशील का? दर शनिवारी वाजेल. घरी नुसती पडून राहील."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

सकाळी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून पुण्याला फोन लावला. वन्संना समारंभाचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं नाही. मग विचारलं, "वन्सं, हे गिटार कोणत्या सुरांत लावायचे, आठवतं का हो?"

"आठवतं म्हणजे? मीच द्यायचे ना त्याला सूर. थांब, पेटी काढते."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची ओढली गेली, कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं गेलं. मग पेटीचे सहा सूर आले, एकेक, लांबवून. त्यांनी ते पुन्हा एकदा वाजवले.

"कळलं का?"

माझ्या लक्षात एकही राहिला नव्हता. आतही काही हललं नाही. मी फोनच्या वायरीकडे बघत होते.

"ख्रिसमसला इथलं एक कुटुंब पुण्याला निघालंय," मी म्हटलं. "त्यांच्याबरोबर गिटार पाठवते. तुम्ही लावून घ्या."

"आणि वाजवणार कोण?"

"नुसती लावून ठेवा."

वन्संनी पेटी बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं. कपड्यांत नीट गुंडाळून दे."