पहिल्या रांगेचा ताल

पहिल्या रांगेत कुणीतरी ताल धरत मांडीवर थाप दिली. थाप चुकीच्या जागी होती.

तंजावूरच्या एका सभेत माझी नवी रचना चालू होती. सभा म्हणजे इथली मैफली भरवणारी संस्था. बारा जणांची व्हायोलिन आणि चेलो, सोबत एक मृदंगम. कॉलेजातली नोकरी सोडून मी कंपोझर झाले, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम. सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, "अम्मा, नव्या संगीताला पहिल्यांदाच स्लॉट दिलाय. फसलं तर पुन्हा मागू नका."

आता घोळ सांगते. ताल आठ मात्रांचा. पहिली मात्रा म्हणजे सम. माझी सुरावट समेवर सुरू होत नाही, दीड मात्रा उशिरा उठते. आमच्या कर्नाटक संगीतात हे काही नवं नाही. पण एरवी गाणारा स्वतः हाताने ताल घालतो, लोक बघून समजतात. इथे वादकांना हाताने ताल दाखवणारा चेन्नईचा कंडक्टर लोकांकडे पाठ करून उभा. त्याचा हात दिसणार कुणाला? लोकांनी पहिला सूर ऐकला आणि तीच सम धरली. रिहर्सल रिकाम्या हॉलमध्ये झालेली, त्यामुळे मला हे सुचलंच नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

म्होरके कोण, तर माझेच काका. निवृत्त हेडमास्तर, थाप दणदणीत. त्यांचं बघून अख्खी रांग. सेकंड व्हायोलिनवाली कंडक्टरला सोडून रांगेकडे बघायला लागली. मृदंगमवाले सुब्बण्णा तर नोटेशन वाचतच नाहीत. सहाव्या आवर्तनाला, म्हणजे त्या आठ मात्रांच्या सहाव्या फेरीला, ते शिरणार होते. जन्मभर समोरच्या जाणकारांचे हात बघत वाजवलेलं. त्यांची नजर काकांवरच होती.

तीन आवर्तनं गेली. मी कडेच्या खुर्चीवरून उठले, वाकून काकांपाशी गेले आणि त्यांचं मनगट धरलं.

"काका, सम इथे नाही."

"अगे, हात सोड! मला शिकवतेस?"

"पाया पडते. माझ्याबरोबर घाला."

हात ताठच. चौथं आवर्तन आम्ही त्यांच्या मांडीवर भांडण्यात घालवलं. पाचव्याच्या समेला मी तो हात उचलून आपटलाच. काकांच्या भुवया वर गेल्या.

"ऐयो! दीड सोडून उठतंय होय?"

पुढची थाप त्यांनी स्वतः दिली, बरोब्बर जागी. रांग सावरली. सुब्बण्णांनी मान डोलावली आणि मृदंगम समेवर वाजला. मला रडूच फुटलं.

"पुढच्या वर्षीही लिहा," कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले. "काकांना तेवढं मागे बसवू."

काकांना मी हलवू दिलं नाही. आता माझ्या प्रत्येक स्कोअरच्या, म्हणजे लिहिलेल्या रचनेच्या, वर पहिली सूचना असते: कंडक्टरने आधी लोकांकडे तोंड करून एक आवर्तन हाताने घालावं, मग वळावं. वाजवणाऱ्यांसाठी लिहून भागत नाही, पहिल्या रांगेसाठीही लिहावं लागतं.

काका मात्र अजून गावभर सांगतात की तो कार्यक्रम त्यांनीच सावरला. खरंच आहे म्हणा.