योजना कुणाच्या नावावर

काल आमच्या गावच्या सभागृहात येऊ घातलेल्या सरकारी आरोग्य योजनेवर चर्चा झाली. "उपचार फुकट दिले की लोक उगाच दवाखान्यात गर्दी करतात, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे," एक प्राध्यापक म्हणाले. माझ्या शेजारी शालिनीताई बसल्या होत्या. त्यांचं डायलिसिस चालू आहे. "उगाच कोण सुया टोचून घेईल हो?" त्या पुटपुटल्या.

योजनेविरुद्ध तावातावानं बोललेले पुढारी नंतर चहा घेताना प्राध्यापकांना हसत म्हणाले, "योजना चांगलीच आहे हो. पण ती सत्ताधाऱ्यांच्या नावावर झाली, तर आम्ही मतं कशावर मागायची?"

आम्ही दोघी मागेच उभ्या होतो. कुणाचं जगणं-मरणं इतक्या सहज, बिस्कीट बुडवता बुडवता बोललं जातं?

शालिनीताई पुढे झाल्या. "साहेब, तुमच्या नावानं आणा," त्या म्हणाल्या, "पण लवकर आणा."