चुना फासलेल्या दगडांची ओळ

६ डिसेंबर १९५८ रोजी रुपीबाईने हातापायांतली चांदी दारव्ह्याच्या सराफाकडे मोडली आणि तीनशे बारा रुपये पंच्याहत्तर नये पैसे पदराला बांधून ती तांड्यावर परत आली. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. कुडाच्या झोपडीच्या जागी दगडामातीचं, सागाच्या लाकडांचं घर उभं करायचं आणि त्याच्या अंगणात मुलाचं, शंकरसिंगचं लग्न लावायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेकडे निघालेल्या नानाजी गुरुजींना तिने हाक मारून आखलेली जागा दाखवली.

"चांगली जागा हाय, बाई. नाल्यापासून उंच हाय," गुरुजी म्हणाले.

नानाजी मूळचे ढाणकीकडचे. बापाचं कपाशीचं वावर थोरल्या भावांकडे राहिलं, धाकट्याच्या वाट्याला मास्तरकी आली. १९५६ साली या तांड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत नेमणूक झाली, तेव्हा पस्तिशी उलटली होती. बायको शकुबाई दम्यामुळे ढाणकीलाच राहायची. रिकामी संध्याकाळ खायला उठते म्हणून त्यांनी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. अक्षरं गिरवताना माणसं पेंगायची. भूगोल निघाला की सावरून बसायची. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कितीतरी घाट ओलांडले होते. डोंगर, खिंड, धार म्हणजे काय, ते सांगावं लागत नव्हतं.

गुरुजी अंगणात मातीचा ढीग करत, वरून तांब्याभर पाणी ओतत आणि विचारत, "पानी कुठी जाते?"

"उताराकडं!" सगळे ओरडत.

"चढावर जाते का?"

"नाई!"

तांड्याचा नायक देवीलाल, म्हणजे रुपीबाईचा दीर, याला हा धडा फारच आवडला होता. वर्गात आपण काही शिकलो, असं त्याला त्या एकाच गोष्टीबद्दल वाटे.

जानेवारीत मोजणीवाले आले. तीन दिवस दुर्बीण लावून बसले, तांड्यातली घरं नावांसकट वहीत टिपली, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या पोटाला चुना फासलेले दगड रोवले आणि कुणाला काही न सांगता निघून गेले.

चौथीला तेव्हाच समोच्च रेषा शिकवायच्या होत्या. पुस्तकात नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ मुलांना दाखवायला दगडांची ही ओळ आयतीच मिळाली. गुरुजींनी एका दगडावर काठोकाठ पाण्याची परात ठेवली आणि पाण्याच्या सपाटीला डोळा लावून पलीकडे बघायला सांगितलं. समोरच्या टेकडीचा पांढरा दगड बरोबर त्या सपाटीत दिसत होता. मुलं एकामागून एक वाकली, हसली, बाजूला झाली. शेवटी गुरुजी वाकले. समोरचा दगड पाहिला, मग सहज नजर तांड्याकडे वळवली. तांड्यातल्या देवळावरचं पांढरं निशाण परातीच्या काठाखाली होतं. रुपीबाईच्या घराचा नुकताच खणलेला पाया तर कितीतरी खाली.

ही ओळ कशाची आहे, ते गुरुजींना त्या क्षणी कळलं.  

त्याच दुपारी त्यांनी देवीलाल आणि रुपीबाईला दगडापाशी नेलं. देवीलालने परातीवरून पाहिलं.

"दिसते ना, निशाण खाली हाय थे?"

"दिसते. मंग?"

"खाली कुठी तरी बांध घालतीन, नायक. पानी अडन आन् भरत भरत या दगडापर्यंत येईन. घराचं काम थांबवा."

"बांध घालतीन खाली, आन् पानी येईन वरी?" देवीलाल खो खो हसला. "गुरुजी, मले दोन वर्सं तुमीच त शिकवून राह्यले, पानी चढावर जात नाई म्हनून. आता तुमचं पानी काय बैलावर लादून आनता?"

"चढत नाई, साचते. परातीतलं पाहा ना, कसं सपाट उभं हाय."

"परातीले काठ असते. टेकडीच्या पल्याड कोनी काठ पाह्यला?"

बांधाची जागा असलीच तर कुठेतरी खाली, टेकडीआड. दाखवायला गुरुजींपाशी तिथे काहीच नव्हतं. रुपीबाई जाताना म्हणाली, "गुरुजी, कचेरीत इचारून या. तुमी सांगसान तसं करतो."

गुरुजी तालुक्याला गेले. कारकुनाने मानही वर केली नाही. "मोजणी झाली, एवढंच खरं. दगड तर पंधरा ठिकाणी लागलेत, मास्तर. बांध होईल किंवा होणारही नाही."

ते परतले तेव्हा भीमराज गवंडी खणलेल्या पायाच्या कडेला विडी ओढत बसला होता. रुपीबाई उभीच होती.

"बांधू का नको? एकच सांगा."

गुरुजींना खोटं बोलवेना. "नक्की नाई सांगता येत, बाई."

ती भीमराजकडे वळून म्हणाली, "लाव दगड."

उन्हाळ्यात घर उभं राहिलं, शंकरसिंगचं लग्न झालं. साठ साली बांधाचं काम निघालं. मोबदला ठरला तो एकोणसाठच्या जानेवारीतल्या मोजणीवरून, आणि त्या मोजणीत रुपीबाईच्या नावापुढे एक कुडाची झोपडी होती. झोपडीचेच पैसे मिळाले.

बासष्टच्या पावसाळ्यात पाणी आलं. पूर येतो तसं धावत, गर्जत आलं नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला, बोटाबोटाने चढत, सपाट आलं. देवीलाल काठावर उभा होता. "गुरुजी, चढलं," एवढंच म्हणाला. कुणी हसलं नाही. दगडांच्या सांध्यांतली माती भिजली, तशा रुपीबाईच्या भिंती खाली बसत गेल्या.

"तुमी हो बी म्हनलं नाई, नाई बी म्हनलं नाई," ती गुरुजींना म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तांडा वर मुरमाड माळावर गेला. तिथे विहिरीला पाणी लागलं नाही. खाली डोळ्यांसमोर सगळा तलाव, आणि बाया दोन घागरींसाठी ती उतरण उतरायच्या. घराची सागाची लाकडं तेवढी काढून वर आणली होती, ती उघड्यावर पडली आणि त्यांना वाळवी लागली. शंकरसिंग बायकोला घेऊन मजुरीला निघून गेला. शाळाही पाण्यात गेली होती. गुरुजींची बदली मुकुटबनला झाली. तिथे ते भूगोल पुस्तकातून वाचून दाखवत आणि व्याख्या पाठ करून घेत. मुलांना त्यांनी पुन्हा कधी बाहेर नेलं नाही. समोच्च रेषांचं पान आलं की ते घरी वाचायला सांगत.

माळावर लाकडं वाहून नेण्याचे गाडीवाल्या बबनरावांशी दोन खेपांचे चार रुपये ठरले होते. गुरुजींनी आपल्या खिशातून तीन दिले. बबनरावांचा एक रुपया अजून गुरुजींकडे राहिला आहे.