बराकीतला मेजर

धुळानं माणूस मारला होता, पण खोटं तो कधी बोलला नव्हता. माणदेशात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी जुंपली, रागाच्या भरात खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला आणि भाऊ जागीच गेला. पोलीस यायच्या आत धुळा स्वतःच चौकीत जाऊन बसला. कोर्टातही ‘व्हय, मीच’ एवढंच म्हणाला, तेव्हा त्याच्या वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. जन्मठेप भोगून तो कळंब्याच्या तुरुंगातून सुटला तोवर डोकं पांढरं झालं होतं, बायको वारली होती, आणि गावात त्याला कुणी उभं करून घेत नव्हतं.

सुटलेल्या कैद्यांना कामाला लावून देणारी संयोगिताताईंची संस्था होती. त्यांनी त्याला पलूसजवळ लालासाहेबांच्या द्राक्षबागेत चिकटवलं. लालासाहेब बागायतदार, मनानं दिलदार. त्यांना सगळं ठाऊक होतं. “मागचं मी कुणाला सांगत न्हाई, तुमी पण सांगू नका,” एवढीच त्यांची अट. सगळी गोची झाली ती तिथंच.

बागेला लागून हरणाबाईचं घर. तिचा एकुलता एक पोरगा बाळासो सैन्यात होता. वर सीमेवर बर्फाचा कडा कोसळला आणि तो तिरंग्यातून घरी आला. या हरणाबाईनं पहिल्याच सकाळी पाहिलं, नवा गडी उजाडायच्या आत उठलाय, घोंगडीची घडी काटकोनात घातलीय, आणि लालासाहेबांची गाडी आली की खाडकन उभा राहतोय.

“ह्याच्या आदी कुठं हुतासा?” तिनं विचारलं.

“बराकीत,” तो बोलून गेला.

आता बराक तुरुंगातही असते. पण आमच्याकडं घरटी एक फौजी. बराक म्हटली की ती मिलिटरीचीच. धुळानं पुढं तोंड उघडेस्तोवर म्हातारी त्याला ‘मेजर’ म्हणून मोकळी झाली, आणि दिवस मावळेपर्यंत अख्खी वस्ती त्याला मेजर म्हणू लागली. खरं सांगावं तर मालकाचा शब्द मोडतो, म्हणून तो गप्प बसला. आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलंही. इतकी वर्षं नंबरानं हाक ऐकलेल्या माणसाला रस्त्यातली पोरं सलाम ठोकायला लागली तर कुणाला आवडणार नाही?

हरणाबाई रोज दुपारी भाकरी घेऊन यायची आणि समोर बसायची. बाळासो फोनवर कधी काही सांगायचाच नाही. ‘बरं हाय आये’ म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. मग ती मेजरला विचारायची, “बराकीत झोप लागती का ओ? थंडीचं काय करत्यात?”

धुळाला जे माहीत होतं ते तो सांगायचा. पहाटे गिनती होते, मग चहा मिळतो. आमटी पातळ असते, पण गरम असते. अंथरुणं एकाला लागून एक, त्यामुळं थंडी कमी वाजते. कुणाला घरची आठवण आली की शेजारचा गाणं म्हणतो. हरणाबाई डोळे मिटून ऐकायची.

“मंजी त्यो एकटा नसायचा,” ती म्हणायची.

“न्हाई मावशी. तितं एकटा कोणच नसतोय.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मग ताईंच्या संस्थेसह सांगली-साताऱ्यातल्या नऊ संस्था एकत्र आल्या. काम चांगलंच होतं, नावं ठेवायला जागा नाही. सुटलेल्या माणसांना काम देणारे मालक मिळावेत म्हणून सांगलीत मेळावा ठरला, आणि त्यात धुळाचा सत्कार.

“ताई, मला नगं,” तो म्हणाला.

“धुळाभाऊ, तुम्हाला बघून चार मालक पुढं येतील. आत अजून किती जण आहेत, तुम्हीच सांगा.”

आतल्यांचं नाव निघालं की धुळाचं काही चालायचं नाही. शेजारी गाणं म्हणणारा अजून आतच होता. “फकस्त पलूसकडं कळाया नगं,” तो म्हणाला. ताईंनी शब्द दिला, आणि अगदी मनापासून दिला.

पण नऊ संस्था म्हणजे नऊ अध्यक्ष, आणि आमच्याकडं बारशापासून दहाव्यापर्यंत फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. नवांतले एक अध्यक्ष पलूसचे निघाले. बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धुळा शाल-नारळ पिशवीत घालून पलूस स्टँडवर उतरला, तर समोर त्याचाच हा एवढा मोठा फोटो. वरती नऊ हसरे चेहरे आणि खाली ठळक अक्षरं: ‘जन्मठेप भोगून आज ताठ मानेनं उभा, आमचा धुळा!’

सकाळी सत्काराचा नारळ मिळाला होता, संध्याकाळी कामावरूनही नारळ मिळाला. लालासाहेबांचाही जीव तुटत होता. “खुनाचं मी निस्तरलं असतं ओ. पण मेजरचं काय करू? फौजीचा मान फुकट खाल्ला म्हणत्यात लोक.”

“मी कवा म्हणलो मालक, मिल्ट्रीत हुतो म्हणून?”

“न्हवतो असं पण म्हणला न्हाईसा.”

ताई फोनवर रडल्या. फ्लेक्स उतरला. नऊ संस्थांनी धावाधाव करून पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात त्याच्यासाठी जागाही बघितली. सगळे आपापल्या परीनं झटत होते, आणि त्यानं काहीच सुधारत नव्हतं.

निघताना तो हरणाबाईच्या दारात गेला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती उंबऱ्यावर बसली होती.

“ती गिनती, ती आमटी, ते गाणं. समदं जेलातलं व्हय?”

“व्हय मावशी.”

“मी रोज डोळं मिटून बाळूला तितं बघत हुते.” मग म्हणाली, “मंग माझं लेकरू एकटं असायचं का रं?”

धुळाला काय ठाऊक? तो कधी सीमेवर गेला नव्हता. पण त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलायचं मनावर घेतलं. “न्हाई मावशी. एकटा नसायचा त्यो. मला म्हायती हाय.”

हरणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. आजवर त्याचा प्रत्येक शब्द तिनं उराशी धरला होता. हा तिला पटला नाही. “बरं,” म्हणाली, आणि उठून तिनं दार लावून घेतलं.