जातीचा रकाना
डिंकाचा वास आला की वर्ध्याच्या त्या कॉलेजची कचेरी आठवते. आम्हाला बौद्ध होऊन वर्षही झालं नव्हतं. मी मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि हुशार पोरांची फी माफ करून वर पुस्तकं देणारं कॉलेज शोधत बा मला घेऊन तिसऱ्या ठिकाणी आला होता. तापलेल्या टिनाखाली कारकुनाने माझी गुणपत्रिका अर्जाला चिकटवली, डिंकाची बोटं टेबलाला पुसली आणि जातीच्या रकान्यावर तो थांबला. "मार्क भरपूर आहेत, पण ही स्कॉलरशिप शेड्यूल कास्टची, बौद्धाले नाई. जुनी जात लिहून दे, आजच मंजूर होते." बा बाहेर निंबाखाली शिदोरी घेऊन बसला होता. घरातले देव त्याने स्वतःच्या हाताने नाल्यात सोडले होते. मी बौद्ध खोडलं आणि जुना शब्द लिहिला. बाला वाचता येत नव्हतं. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काय लिवलं व माय?" "बौद्ध," मी म्हटलं. गावी, अल्लीपूरला परतल्यावर तो घरोघरी सांगत सुटला, "पोरीनं बौद्ध लिवलं, तरी स्कॉलरशिप देल्ली त्याईनं." पुढच्या वर्षी त्याच्याच भरवशावर वस्तीतल्या दोन पोरांनी अर्जात बौद्ध लिहिलं. दोघांचेही अर्ज परत आले, दोघेही मजुरीला लागले. त्यातला एक अजून भेटतो. "तुलेच कशी भेटली व स्कॉलरशिप?" म्हणतो. तुझे मार्क कमी पडले असतील, असं मी त्याला आजही सांगते.