नीट केलेले पेले

कुंभाराच्या बायकोला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा शाळेला समाजाची आठवण झाली. शाळांना अशी आठवण अधूनमधून होते. वर्गाच्या चार भिंतींत मुलांना जग कळत नाही, हे शाळेच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांना कुंभाराच्या चार भिंतींत पाठवायचं ठरलं. दर गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर. सहामाही संपताना प्रदर्शन, आणि ते पाहून उपक्रम पुढे चालवायचा की नाही याचा निर्णय.

कुंभाराने आधी अंग काढून पाहिलं. "बाई, मला शिकवता येत नाही. माझी मुलगी लहानपणापासून या चाकापाशी बसली आणि शेवटी बँकेत लागली."

"मग चांगलंच शिकवलंत की," वर्गाच्या बाई म्हणाल्या. तो पुन्हा चाकाकडे वळला, आणि शाळेने तो होकार धरला.

खोली एकच. खिडकीशी चाक, छतापर्यंत फळ्या, मागच्या अंगाला भट्टी. कपांना कान लावणं आणि बोलणं ही दोन्ही खाती बायकोकडे होती. ती गेल्यावर कान लावायचं तो शिकला. बोलण्याचं खातं बंदच पडलं होतं. गिऱ्हाइकाला किंमत सांगितली की दिवसाचा कोटा संपायचा.

पहिल्या गुरुवारी पोरांनी मातीपेक्षा कपडेच जास्त मळले. कुंभार वैतागला, आणि पुढच्या बुधवारी त्याने खोली दोनदा झाडली. हळूहळू त्याचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन गुरुवारीच संपू लागला. मधले दिवस भांडी करण्यात जायचे. एका मुलीला तो चिमणी म्हणायचा, कारण तिचं तोंड मिटत नसे.

"काका, तुमच्या नखात कायम माती असते. जेवताना पोटात जात नाही?"

"जाते की."

"मग तुम्ही आतून मडकं झाला असाल!"

कुंभार हसला. शेजारचा शिंपी सुई हातात धरून दाराशी बघायला आला, इतकी ती गोष्ट नवीन होती.

प्रदर्शनासाठी पोरांनी हाताने पेले घडवले. कुणाचा कलला होता, कुणाचा बसला होता. चिमणीचा तर जागोजागी दाबलेला. हे असं का, ते तिने सांगितलंही होतं. पण ती इतकं सांगायची की ऐकणाऱ्याने निवड करावी लागे, आणि कुंभाराची निवड चुकली. जाताना बाई म्हणाल्या, "सगळे पालक येणार आहेत, काका. काही कमी पडायला नको." बाई हे वाक्य दरवर्षी मंडपवाल्यालाही म्हणत.

शनिवारी कुंभाराने पेल्यांवरचं ओलं फडकं काढलं. माती अजून मऊ होती. हे पेले पाहून गुरुवार बंद झाले तर? त्याने एक कललेला पेला उचलला, बूड बसवलं, काठावरून ओला स्पंज फिरवला. मग शेजारच्या पेल्याला वाईट वाटू नये म्हणून तोही. दुपार टळेपर्यंत सगळे पेले सरळ झाले. वाकडं भांडं हातात आलं की नीट करायचं, याला तो जन्मात कधी चूक म्हणाला नव्हता.

प्रदर्शनात पेले एका ओळीत, एका घाटाचे उभे होते. पालक खूश झाले. पोरं मात्र टेबलाभोवती फिरत राहिली. आपला कोणता ते कुणाला कळेना. चिमणी आजोबांचा हात धरून आली होती. आजोबांची बोटं दुखण्याने वाकून आखडलेली. त्या बोटांसाठी तिने पेल्यात खळगे केले होते. रोज रात्री त्यांचा हात हातात घेऊन, कुठलं बोट कुठे येतं ते पाठ करून.

"काका, माझा कुठाय?"

कुंभाराने तळाशी स्वतः कोरलेली खूण पाहून एक उचलून दिला. आजोबांनी तो दोन्ही तळव्यांत दाबून धरला. "छान आहे गं. गुळगुळीत आहे."

चिमणी काहीच बोलली नाही. आपण काय पुसलं ते कुंभाराला तेवढ्यानेच कळलं.

मुख्याध्यापिकांनी त्याचा सत्कार केला आणि उपक्रम बेकरीकडे वळवला. मुलांच्या हातचं काही दिसलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. बेकरीत झालेली चूक निदान खाता येते. कुंभाराने फोनवर मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, माझ्या हातचं तरी तुम्ही कधी काही राहू दिलंत?" रागाने नाही, शिल्लक सांगावी तसं.

पुढच्या गुरुवारी त्याने एक नवा, मऊ पेला ओल्या फडक्यात गुंडाळला आणि चिमणीचं घर गाठलं. दार तिनेच उघडलं.

"आजोबांना बोलाव. यावर त्यांची बोटं दाबून घेऊ. मी भाजून देतो."

ती पेल्याकडे बघत राहिली. "नको काका. तुम्ही परत नीट कराल."

"नाही गं. आता हात नाही लावणार."

हे म्हणत असताना त्याचा अंगठा फडक्याखाली काठावरून फिरत होता. तिला ते दिसत होतं.