रणगाड्याची नळी खाली होती

माझे मामा आज सकाळी वारले, आणि तुम्ही सगळे ग्रुपवर जो फोटो फिरवताय तो खोटा आहे.

फोटोशॉप नाही. मी शिकवते त्या देवासच्या शाळेत, प्रजासत्ताक दिनाला काढलेला आहे. मामा रणगाड्याच्या मॉडेलशेजारी उभे आहेत, आणि रणगाड्याची नळी आकाशाकडे आहे.

मामांनी ती तशी बनवली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मामा फौजेत ड्रायव्हर-मेकॅनिक होते. एकाहत्तरच्या लढाईत शत्रू एक पॅटन रणगाडा शेतात सोडून पळाला. तो चालू करून आपल्या बाजूला आणायचं काम मामांकडे आलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

रिटायर होऊन धारला आल्यावर त्यांनी त्याच रणगाड्याचं मॉडेल करायला घेतलं. बरोबर सोळाव्या हिश्शाचं. एका छावणीच्या गेटपाशी तसलाच रणगाडा ठेवलेला होता. त्याची मापं शिंप्याच्या टेपनं घेतली, शिपायानं दोनदा हाकललं तरी. चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांसाठी सायकलच्या चेन, तीन-तीन शेजारी जोडून. नळीसाठी पडद्याची जुनी पितळी दांडी.

चार वर्षं लागली.

त्या चार वर्षांत आपण सगळे त्यांना टँकवाले मामा म्हणून हसत होतो. लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "क्यों मामाजी, टैंक का एवरेज कित्ता है?" आज त्याच लोकांचं "शत शत नमन" वाचतेय. वाचवत नाही.

नळी खाली का, ते मीही त्यांना विचारलं होतं.

"अगं मंजू, हा पकडलेला आहे. पकडलेल्याची नळी खाली ठेवतात, कायदा है फौज का. म्हणून मी ती डाख देऊन पक्कीच केली. उद्या कोणी म्हणायला नको, हा आपलाच होता."

मग म्हणाले, "आत बसलो ना, तर पेडलवर दुसऱ्याच्या बुटाची माती होती. ओली. बेटा, मेरा तो जी घबरा गया. तोही कोणाचा मामा असेलच की."

हेच त्यांना मुलांना सांगायचं होतं. आतून रणगाडा कसा असतो, ड्रायव्हरला बाहेरचं किती कमी दिसतं, जिंकलेल्या माणसालाही कशी भीती वाटते. दुसरं काहीच नको होतं त्यांना. मी शाळेत बोलून ठेवलं. आधी प्रजासत्ताक दिनाला मॉडेल ठेवायचं, मग दर शनिवारी मामा एक तास येणार. धार ते देवास, बसनं, त्या वयात. एका वहीत त्यांनी काय काय सांगायचं ते लिहूनही काढलं होतं.

मॉडेल मी आदल्या दिवशीच आणलं होतं. सकाळी आमचे प्रिन्सिपल आले, बघितलं आणि म्हणाले, "मैडम, अपना टैंक मुंडी नीची करके क्यों खड़ा है? फोटू में अच्छा नी लगेगा।"

सर, हा आपला नाही, एवढंच बोलायचं होतं. चारच शब्द.

मी बोलले नाही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, आणि मामा अजून बसमध्ये होते.

मी नळीला हात घातला आणि वर ओढली. डाख तुटला. नळी हातात आली. मी ती गोंद लावून चिकटवली, वर तोंड करून. पुढे कोणीतरी पाटी ठेवली, "हमारी सेना का गौरव". शत्रूच्या रणगाड्यापुढे.

मामा आले. लांबूनच त्यांनी पाहिलं. जवळ येऊन सांध्यावर बोट फिरवलं, आणि मला हळूच विचारलं, "कोणी केलं गं?"

मी म्हटलं, "मुलांनी हात लावला असेल, मामा."

इतकं सहज निघालं तोंडातून.

तेवढ्यात पाहुणे आले, मामांना शाल घातली, रणगाड्याशेजारी उभं केलं, फोटो काढला. तोच हा फोटो. त्यात मामा हसत नाहीयेत. वयामुळे नाही.

परत जाताना म्हणाले, "शनिवारचं राहू दे आता. मुलांची चूक नाही, खेळणं समजले असतील. माझंच चुकलं. मुलांना काय कळणार त्यातलं."

धारच्या घरी गल्लीतली मुलं त्या रणगाड्याभोवती बसायची, चेन फिरवून बघायची. त्यानंतर मामांनी तो चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. मुलं दोन-चार दिवस दारात आली. मामा म्हणायचे, "बाद में, बेटा." मग यायची बंद झाली.

मी त्यानंतर कितीदा धारला गेले. चहा घेतला, पोहे खाल्ले, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. नोकरी पक्की झाल्यावर पेढेही घेऊन गेले. तेव्हा तरी सांगायला काय हरकत होती?

प्रत्येक वेळी वाटलं, पुढच्या खेपेला सांगू.

प्रिन्सिपलना दोष देऊन मोकळं व्हायचा मी खूप प्रयत्न केला. पण त्यांनी नुसतं विचारलं होतं. हात माझा होता, आणि खोटंही माझंच. ज्या मुलांसाठी मामांनी चार वर्षं घालवली, त्या मुलांवरचा त्यांचा विश्वास मी एका वाक्यात घालवला.

तो फोटो काढून टाका, प्लीज.

मामा, मुलांनी तुमच्या रणगाड्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. नळी मी मोडली.

तुमच्या पायांवर डोकं ठेवून सांगायचं होतं. आज ठेवलं, पण तुम्हाला ऐकू आलं नसणार.

शेवटचा नमस्कार, मामा.